खाली

‘खाली काळी माती बाई, वर निळं आभाळ,
मधी उभा माझा बाळ, त्याचं मन गं नितळ...’

रुहीच्या कानांवर जाड हेडफोन बसवताना धम्मदीपला आईचा आवाज ऐकू आला. कोरेगावच्या घरात, जात्यापाशी बसलेल्या रत्नाबाईंचा. रुही बुटांकडे बघत उभी होती, म्हणून असेल. त्याने बोटाने लेकीची हनुवटी वर केली.

“भीती वाटते?”

“थोडी. आईला सांगू नकोस.”

“आई आधीच म्हणते, घरात बुद्धमूर्ती अन् पोरगी बंदूक उडवते.”

“मातीच्या थाळ्या असतात, बाबा. जीव नाही.”

वाक्य त्याचंच होतं. बायकोशी, जागृतीशी, वाद घालताना वापरलेलं. तो हसला.

अमेरिकेतल्या त्यांच्या ट्रॉय गावापासून तासाभरावरचं हे नेमबाजीचं मैदान. शाळेच्या संघात यायचं तर आधी इथला वर्ग पार करायचा. शिकवणारी कॅरल पूर्वी शाळेची बस चालवायची. तिचा आवाज अजूनही मागच्या सीटपर्यंत पोचेल असा. सकाळपासून ती एकच घोकून घेत होती: बंदूक भरलेलीच आहे असं समजायचं. बोट चापापासून लांब. आणि उघडून आपल्या डोळ्यांनी बघितल्याशिवाय मैदानाकडे पाठ करायची नाही. पालकांना तिने वेगळं बजावलं होतं.

“मुलांच्या मागे उभे राहा. खांद्यावर हात ठेवा हवा तर. पण लाइनवर आवाज एकच. माझा.”

आज पहिल्यांदाच दोन्ही नळ्यांत काडतुसं होती. रुहीने हाक दिली, यंत्रातून नारिंगी थाळी हवेत उडाली, आणि बार होताच तिचा निळ्या आभाळात चुरा झाला. शेजारी पाळीची वाट बघणारी अदिती टाळ्या वाजवत ओरडली, “रुही, यू गॉट इट!” कॅरल पलीकडच्या मुलीचा पवित्रा नीट करायला वळली होती.

रुहीने बंदूक उतरवली. त्या हेडफोनमधून बोलणं ऐकू येई, दणका तेवढा अडत असे. मागे न बघताच तिने विचारलं,

“बाबा, खाली?”

धम्मदीपचं ऊर भरून आलं होतं. नळीचं तोंड गवताकडे होतं, हे त्याने पाहिलं.

“हो बाळा, खाली आहे.”

ती बंदूक ठेवायला वळली आणि दुसरा बार उडाला.

अदितीच्या बुटाजवळचं गवत उसळलं. तिच्या पांढऱ्या मोज्यांवर माती उडाली. लागलं कुणालाच नाही. अदितीची आई शैलजा धावत आली आणि गुडघे टेकून मोज्यांवरची माती झटकू लागली. माती गेली तरी झटकत राहिली.

कॅरलने बंदूक हातातून काढून घेतली, मधोमध दुमडून उघडली.

“रिकामी आहे असं वाटलं तुला?”

“येस, मॅम.”

तेव्हा धम्मदीपच्या लक्षात आलं. जागृती नागपूरची. तिच्या तोंडी डबा खाली, बाटली खाली, फ्रीज खाली. ‘तुमचे डबे खाली असतात, आमचे नुसते रिकामे,’ असं तो तिला किती चिडवायचा. आणि रुही मराठी बोलायला शिकली ती आईकडून.

“कुणी सांगितलं तुला?” कॅरलने विचारलं.

रुहीने बाबाच्या बुटांकडे पाहिलं. “नोबडी. आय जस्ट थॉट.”

त्याचे ओठ हलले. शैलजाने त्याच वेळी मान वर केली. तिचे डोळे भरले होते. त्याने ओठ मिटले.

“या वर्षी संघात नाही,” कॅरल म्हणाली. ती चिडली नव्हती, म्हणून ते जास्तच लागलं. “अंदाजावर चालणारी मुलगी मी लाइनवर उभी करू शकत नाही, हनी.”

गाडीत रुहीने पट्टा लावला. धम्मदीपने किल्ली हातातच धरली होती.

“तू सांगितलं का नाहीस तिला? माझं नाव?”

“तू पण नाही सांगितलंस.”

वाऱ्याने एक वाळकं पान काचेवर येऊन चिकटलं.

“बाबा, तू खोटं का बोललास? ती खाली नव्हती.”

“खोटं नाही गं. मी...” त्याने तळवा जमिनीकडे झुकवून दाखवला. “मी हे म्हणत होतो.”

रुही त्या हाताकडे बघत राहिली.

“ओह. डाउन.” मग हळूच म्हणाली, “इट्स ओके. मीच बघायला हवं होतं.”

तिने मान खाली घातली. तिची हनुवटी वर करायला त्याने हात उचलला आणि मध्येच थांबवला. खोटं बोलला असं समजूनही पोरीने त्याला झाकलं होतं.

तो उतरला. मैदानाकडे परत जाताना त्याने सगळं मनात जुळवलं: आमच्या भाषेत एक शब्द आहे, त्याचे दोन अर्थ होतात, माझी बायको नागपूरची. ऐकणाऱ्याला पटलं असतं. हसूही आलं असतं कदाचित.

कॅरल गवतातली उडवलेली काडतुसं वेचत होती. शैलजा अदितीला जवळ घेऊन बाकावर बसली होती. तो दोघींना ऐकू जाईल असा उभा राहिला. मागे गाडीचं दार वाजलं. रुही उतरली असावी. त्याने मान वर केली.

“तिने अंदाज केला नव्हता,” तो म्हणाला. “तिने विचारलं होतं, रिकामी आहे का. मला. आणि मी न बघता हो म्हणालो.”