तीन नंबरची बंदूक

आमच्या अन्वरसाहेबांच्या बंदुका उडवायच्या नसतात. एक गोळी सुटली की किंमत अर्ध्यावर. शारजातल्या त्यांच्या व्हिलात एक खोली भरून स्मारक-बंदुका आहेत. कुठल्या कारखान्याची शंभरी, कुठल्या फौजेचा विजय, असल्या निमित्तांनी मोजक्याच काढलेल्या, सोन्याच्या नक्षीच्या, परवान्यांसकट कुलपात. त्यांची यादी, कागदपत्रं आणि मूळ खोके मी सांभाळते. हो, खोकेसुद्धा. पुठ्ठ्याचा कोपरा चेपला तरी हजार दिरहॅम गेले, म्हणजे तेवीस हजार रुपये. घेतलेली वस्तू वापरायचीच नाही, हे मला अजून पटलेलं नाही. पगार पटतो.

दगडूभाऊंना तिथे मीच चिकटवलं. फुजैराच्या साइटवर कंबर धरली म्हणून बिचारे गावी परत निघाले होते. मी साहेबांना म्हटलं, माणूस सोन्यासारखा आहे, जबाबदारी माझी. काम झाडलोटीचं आणि नियम एकच. तो मी हिंदीत छापून खोलीच्या दारावर लावला होता : 'बंदूक को कोई हाथ न लगाए।'

परवा सकाळी मी पोचले, तर व्हॅक्यूम क्लीनरला झेंडूची माळ घातलेली. शिडीला कुंकू, हत्यारांच्या पेटीला कुंकू, बादलीलाही. आणि टेबलापाशी दगडूभाऊ, मान खाली घालून.

"खंडेनवमी आहे ना, ताई," ते म्हणाले. "घरात एवढी शस्त्रं आणि एकालाही कुंकू नाही. बरं दिसतं का?"

"आणि हा व्हॅक्यूम क्लीनर?"

"माझं शस्त्र तेच."

माझं लक्ष टेबलाकडे गेलं. तिथे तीन नंबरची बंदूक होती. शंभर नगांतला तिसरा. दुबईच्या एका दलालाने पसंतीसाठी तीन दिवस ठेवलेली, किंमत साठ हजार दिरहॅम. म्हणजे चौदा लाख. हीच बंदूक ऐंशी-नव्वद नंबरची असती, तर वीस हजार दिरहॅममध्येही मिळाली असती. पण लहान नंबरावर हे लोक जीव टाकतात. आणि करारात स्वच्छ लिहिलं होतं : ओरखडा, डाग काहीही पडला, तर माल तुमचा.

"हिलाही लावलंत?"

"एकच बोट. नंबर आहे ना, तिथे. मला ते कपाळ वाटलं. मग तुमची पाटी आठवली, तसं लगेच ओल्या फडक्याने पुसलं."

ओल्या फडक्याने. साहेब घामाच्या बोटाला भितात, पांढरे हातमोजे घातल्याशिवाय बंदुकीला शिवत नाहीत, आणि या गृहस्थांनी तिला आंघोळ घातली होती. नंबराच्या खाचेत लाल दिसत होतं. मी हाताला लागेल ते तेल आणि कापूस शोधायला लागले.

"दगडूभाऊ, तुम्ही तोंड उघडायचं नाही. मी बघते काय ते."

"नको, ताई. नोकरी गेली तर माझी जाऊ दे. तुमचा शब्द कशाला जायला हवा?"

मला त्यांचा भयंकर राग आला. इतक्या चांगुलपणाने वागणाऱ्या माणसाला वाचवायचं तरी कसं? तेवढ्यात साहेब आलेच.

"साब, मैंने किया," दगडूभाऊ पुढे झाले. "आज हमारे में हथियार की पूजा होती है।"

साहेबांनी माळेकडे पाहिलं, बंदुकीकडे पाहिलं, हातमोजे चढवले. भिंग घेऊन खिडकीपाशी गेले. बराच वेळ वर बघेनात. मी मनातल्या मनात दगडूभाऊंची बॅग भरून टाकली.

"रंजिता, इधर आओ। ये क्या है?"

भिंगातून ठसठशीत लाल तीन दिसला. आणि त्याच्या आधी, जिथे नुसतं चकचकीत लोखंड होतं, तिथे केसाएवढ्या लाल रेघा. एकावर एक दोन वाटोळी.

"एट," मी म्हटलं.

त्र्याऐंशी. कुणीतरी आठ घासून, वर पॉलिश मारून बंदूक तीन नंबरची केली होती. खोका आणि कागदही जुळवलेले. हात लावायची कुणाची छाती झाली नाही, म्हणून खपत आलं. कुंकू तेवढं घासून उरलेल्या खाचेत उतरून बसलं होतं.

साहेबांनी दलालाला फोन लावला. "खलास हबीबी, ले जाओ। तुम्हारा तीन नहीं, तिरासी है।" एरवी तासभर बोलणाऱ्या त्या माणसाने लगेच फोन ठेवला.

मग साहेबांनी कपाट उघडून त्यांची सगळ्यात लाडकी, सात नंबरची बंदूक काढली. तीही याच दलालाकडची. ती टेबलावर ठेवली आणि हातमोजे काढून टाकले.

"दगडू, इसको भी लगाओ।"

दगडूभाऊंनी मनोभावे बोट टेकवलं, नमस्कार केला, पुसलं. आम्ही तिघं डोक्याला डोकं लावून भिंगावर वाकलो. एक लालबुंद सात. आजूबाजूला काही नाही. साहेब खुर्चीत टेकले आणि लहान मुलासारखे हसले.

"रंजिता, वो बोर्ड बदलो।"

मी निमूटपणे नवी पाटी छापली : 'बंदूक को दगडू के सिवा कोई हाथ न लगाए।' लावताना डोळे भरून आले, पण मी दगडूभाऊंकडे पाठ केली. नाहीतर शेफारले असते.