देवघरातला कागद

इरावतीने लॅपटॉपवरचा फोटो मोठा केला आणि तिसऱ्या ओळीवर बोट ठेवून ती थांबली.

"वाच की गं," पद्माकरराव म्हणाले. "का अडलीस?"

लेकाकडे म्हणून ते पुण्याहून सिडनीजवळ पॅरामॅटाला आले, सीमा बंद झाल्या आणि दीड वर्ष इथेच अडकून पडले. तेवढ्यात तीस वर्षं रखडलेला घराण्याचा कुलवृत्तांत मात्र त्यांनी हातावेगळा केला. पहिल्याच पानावर देवघरातल्या सनदेचा फोटो. मोडी घरात कुणाला येत नव्हती. पेशव्यांनी दिलेली इनामाची सनद, असं आजोबा सांगायचे आणि दर दसऱ्याला सगळे तिला हळदकुंकू वाहायचे. लॉकडाऊनमध्ये सुनेने ऑनलाइन मोडीचा क्लास केला, तेव्हा केवढं कौतुक वाटलं होतं त्यांना!

"बाबा, ही सनद नाहीये. खरेदीखत आहे. दुष्काळात दोन मण नाचणी देऊन आठ वर्षांची मुलगी घेतलीय. घरकामाला, कायमची."

"काहीतरीच! नीट बघ."

"तीनदा बघितलं."

पद्माकररावांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"मग जगवली म्हण ना तिला. नाहीतर उपाशी मेली असती पोर."

"नाचणी होती ना घरात? तशीच द्यायची होती." इरावतीचा आवाज चढला नाही. "तिचं नाव नाहीये यात. जात मात्र लिहिलीय. हातचं पाणी चालेल की नाही, ते कळायला हवं ना."

पद्माकररावांना लाज वाटली, आणि लाजेहून जास्त भीती. भाऊबंदांत नाचक्की होणार, आयुष्यभराच्या कामावर पाणी पडणार. फोटो काढून टाकला तर कुणाला कळणारही नव्हतं. इरावतीने ते ओळखलं असावं. ती चहा ठेवायला उठली.

तेवढ्यात फोन वाजला. पुण्याच्या छापखान्यातून संजीव बोलत होता.

"काका, पहिलं पान आजच छपाईला जातंय. फोटोखाली काय टाकू? पेशव्यांची सनद?"

'फोटोच नको' हे शब्द त्यांच्या अगदी ओठांवर आले होते. त्यांची नजर स्क्रीनवरच्या तिसऱ्या ओळीवर गेली.

"काका, ऐकू येतंय ना?"

"खरेदीखत, असं टाका. एका मुलीचं."

"मुलीचं? बरं... नाव काय तिचं?"

"आम्ही लिहिलं नाही," पद्माकरराव म्हणाले.