माझ्या आवाजात बोलणारा रुद्र

मी भिंतीवरचा टीव्ही बोलतोय. आणि खरं सांगतो, मला आता माझ्याच आवाजाची किळस येते.

चार वर्षांपूर्वी दसऱ्याला झेंडू चांगला विकला गेला, तेव्हा हर्षलने मला गंगापूर रोडवरच्या दुकानातून आणलं. नाशिकच्या कडेला त्यांचा फुलांचा मळा आहे. त्याच्या आईने, लंकाबाईंनी, मला हळदकुंकू लावून हार घातला. एवढा मान मिळाल्यावर मीही फुशारलो होतो.

हर्षलचा मुलगा रुद्र तेव्हा पाळण्यात होता. रांगायला लागल्यावर तो हारांच्या दोऱ्यात, सुयांत हात घालू लागला. आईबाप मळ्यात, आणि आजीला बाजाराच्या आधी हार संपवायचे. मग तिने कार्टून लावून दिलं. पोर जागचं हललं नाही. लय गुणी हे, म्हणून ती सगळ्यांना सांगत सुटली.

गुणी कसलं! तोंड उघडं, हनुवटीवर लाळ, ओठावर माशी बसली तरी हाकलायची शुद्ध नाही. वरणभाताचा घास गालात तसाच आंबायचा. मेथी भरवली काय आणि चिखल भरवला काय, त्याला सारखंच. शी! हे सगळं मला वरून रोज बघावं लागायचं, आणि बघता बघता नाचावंही लागायचं.

तीन वर्षांचा झाला तरी तो आईला आई म्हणेना. हाक मारली तरी मान वळवेना. मग एक दिवस बोलला तो थेट हिंदीत, माझ्यातल्या मांजराच्या चिरक्या आवाजात: "बचाओ, मैं मर गया!" घर खूश. पाहुणे आले की त्याला मध्ये उभं करून तेच म्हणायला लावायचे.

परवा तो कान धरून माझ्याकडे पाठ फिरवून उभा राहिला. "बचाओ, मैं मर गया!" सगळे हसले. हर्षलने मोबाइल काढून पुन्हा म्हणायला लावलं. पोराने डोळ्यांत पाणी आणून पुन्हा म्हटलं. ॲक्टिंग बघा याची, म्हणाले. त्या वेळी मला जळून जावंसं वाटलं.

दुसऱ्या दिवशी त्याच्या उशीवर पू दिसला. दवाखान्यातून परतल्यावर त्याची आई, निकिता, सासूला सांगत होती. कुठे दुखतं असं डॉक्टरांनी विचारलं, तर रुद्र तेच वाक्य बोलला. डॉक्टर हसले नाहीत. कान बरा होईल, पण याच्याशी घरात बोलतं कोण, असं त्यांनी विचारलं. एवढं सांगून निकिताने माझी पिन ओढून काढली.

"आई, आता जेवतानाबी नाय लावायचा."

"आगं, पण घास गिळत नाय तो."

"नाय गिळू दे. भूक लागली की मागंल."

आत्ता त्याच्या कानात औषधाचे थेंब घालतायत आणि रुद्र रडतोय. मांजराच्या आवाजात नाही, भसाड्या, शेंबड्या, साध्या आवाजात. निकिता त्याला पोटाशी धरून पुन्हा पुन्हा सांगतेय, "दुखतंय म्हण बाळा, दुखतंय."

आणि हर्षल वैतागून माझी पिन लावायला उठलाय. पाच मिनिटं लावू, गप बसेल, म्हणतोय.

हर्षल, मला हात असते तर जोडले असते. लावू नकोस मला. गप बसवायचंच काम मी इतकी वर्षं केलंय. रडू दे त्याला. ते रडणं तरी त्याचं स्वतःचं आहे.