हिलालनानांची गाळणी

"ताई, हाई गाळनी दगा देवाव नही," हिलालनाना तिसऱ्यांदा म्हणाले. तोंडाला बांधलेलं फडकं त्यांनी पुन्हा घट्ट केलं.

दातांच्या दवाखान्यातल्या खुर्चीवर त्यांचीच बायको भागाबाई होती. गाठ काढल्यावर तिच्या जबड्यात पोकळी राहिली होती. ती भरायला तिचंच हाड हवं. दाढेमागून खरवडलेलं ते हाड तोंडातलं पाणी ओढणाऱ्या मशीनच्या नळीतून वाहून जाऊ नये, म्हणून मध्ये ही गाळणीची डबी. परदेशी डबीचं डॉक्टर इंदिराताईंनी नुसतं चित्र पाहिलेलं. त्र्याण्णव साली जळगावात ती घडवणार कोण? फवारणीचे पंप दुरुस्त करणारे हिलालनाना! बकऱ्याच्या हाडावर दोनदा प्रयोग झाले. पहिल्या गाळणीने नळी तुंबवली, दुसरीतून सगळंच निसटलं. तिसरी कुकरमध्ये निर्जंतुक होऊन थेट बायकोच्या वाट्याला आली होती. आज हाड हाती लागलं नाही, तर मुंबईला नेऊन हाडासाठी भागाबाईची कंबर कापावी लागणार होती.

मशीन घुरघुरलं आणि थांबलं.

"नाना, उघडा." झाकणाचे आटे त्यांच्याच हाताला वळायचे, म्हणून ताईंनी त्यांना हातमोजे घालून उभं केलं होतं.

जाळीवर गुलाबी-पांढरा ओला चुरा, चांगला चमचाभर! नानांना नाचावंसंच वाटलं. आणि तीस वर्षांच्या सवयीने त्यांनी जाळी झटकायला उचलली. गाळणीत अडकतो तो कचरा, आपटायचा, वर फुंकर मारायची, हेच तर आयुष्यभर केलेलं.

"नाना!" ताईंनी मनगट पकडलं. "अडकलंय तेच हवंय आपल्याला!"

"अरे देवा! हाडच फेकी देतू ना मी!"

ताई हसल्या. चुरा वाटीत काढून त्यांनी वाटी नानांच्याच हातात दिली.

नानांनी वडिलांची हाडं वेचली होती, भावाचीही. दोन्ही वेळा तापीत सोडून रिकाम्या हाताने घरी आले होते. आज वेचलेलं हाड ताईंच्या हातून थोडंथोडं परत जित्या माणसात चाललं होतं!

टाके पडले. तोंडात कापसाचा बोळा, भागाबाईला बोलता येईना. तिने पाच बोटं ओठांपाशी नेली आणि भुवया उंचावल्या. जेवलात का?

"जेवनू ना व," सकाळपासून उपाशी असलेले नाना म्हणाले. रिकामी वाटी त्यांनी अजूनही दोन्ही हातांनी धरली होती.