समासातलं ‘काऊन?’

मी बोलतेय, राजुऱ्याच्या सत्यशीलाची वाचनवही. निळ्या पुठ्ठ्याची, दोनशे पानी. दुकानातल्या माझ्या बहिणी कुणी गणिताला गेल्या, कुणी हिशेबाला. माझ्या वाट्याला एक कादंबरी आली.

साल १९८४. सत्यशीला बी.ए.ला होती, वडील बापूराव कोळसा खाणीत. अभ्यासाला लागलेली कादंबरी ती रोज थोडी वाचायची आणि माझ्यात लिहायची: काय घडलं, कोण कोणाशी बोललं, आपल्याला काय वाटलं. जे पटलं नाही त्याच्यासमोर समासात एकच शब्द, ‘काऊन?’, म्हणजे ‘का?’

कादंबरीचा नायक गावच्या शाळेसाठी शेत दान करतो. आधी तिनं लिहिलं, ‘देवमाणूस.’ मग कादंबरीची मागची पानं चाळताना दिसलं, ते शेत त्याच्या बायकोला माहेरून मिळालेलं. तिनं ‘देवमाणूस’ खोडलं नाही. खाली लिहिलं, ‘आता तसं वाटत नाही.’ माणसं आपलं चुकलेलं घाईघाईनं पुसतात. तिनं ते राहू दिलं, याचा मला अभिमान आहे.

कॉलेजात गुणवंतराव सर दरवर्षीच्या नोट्स सांगत होते. “लिहा. नायक म्हणजे त्यागाची मूर्ती.”

सत्यशीला उभी राहिली. “सर, शेत त्याचं नव्हतंच. बायकोले विचारलंबी नाई त्यानं. मंग त्याग कोनाचा?”

वर्ग हसला. सर हसले नाहीत. “तिनं विरोध कुठं केला? दाखव. नाहीतर पेपरात असं लिहून मार्क घालवशील.”

ती खाली बसली. घरी तिनं हे सांगितल्यावर बापूराव म्हणाले, “सर नाराज झाले तं, पोरी? सांगतात तसं लिहून मोकळी हो.”

“पुस्तकात काय हाये ते तं पाहू द्या, बाबा.”

तिनं मला मांडीवर घेऊन नोंदी पहिल्यापासून तपासल्या. दानापर्यंत बायको नवऱ्याशी बोलते. नंतर सुनेशी बोलते, शेजारणीशी बोलते, गाईशीही बोलते. नवऱ्याशी मात्र शेवटपर्यंत एक शब्द नाही!

दुसऱ्या दिवशी तिनं हे वर्गात वाचून दाखवलं. सरांनी कादंबरी मागून घेतली, उभ्या उभ्याच शेवटची प्रकरणं चाळली. “इतकी वर्षं शिकवून राह्यलो,” ते म्हणाले, “हे माह्या नजरेतून सुटलं.” आणि त्यांनी आपल्या नोट्स मिटल्या. पेपरातही सत्यशीलानं तेच लिहिलं आणि चांगल्या मार्कांनी पास झाली.

मग मला मागणी आली. हातोहाती फिरून माझे कोपरे दुमडले, शिवण सैल झाली. एकदा खालच्या वर्गातली रंभा मला समोर ठेवून भराभर उतरवत बसली. सत्यशीलानं मला मिटलं आणि तिच्या हाती कादंबरी दिली. “आधी हे वाच. मंग माह्यासंग भांडाले ये.”

वाचकहो, माझंही मागणं एवढंच आहे. मला वाचा, पण उतरवू नका.

आठवड्याभरानं रंभा आली, ती दारातूनच म्हणाली, “ताई, तुमचं एका जागी मले नाई पटलं.”

माझं शेवटचं पान कोरं होतं. सत्यशीलानं ते उघडलं आणि पेन रंभाच्या हातात दिला.