फाटकासमोरचा धूर

रिक्षातून उतरून सुनंदाबाईंनी पिशवी ओट्यावर ठेवली, खोक्यातला पेढा काढून नणंदेच्या हातात दिला आणि पाया पडायला वाकता वाकता मध्येच थांबल्या. मान वर करून त्यांनी जोरानं श्वास ओढला.

"अक्का, गिरणी बंद शे का?"

"बंद कशी असेल?" प्रमिलाबाई हसल्या. "वर बघ की. सकाळपासून धुराडं चालू आहे. आणि पेढा कशाचा गं?"

"सांगस मंग. पहिले तोंड गोड करा."

रस्त्यापलीकडे सरकीच्या तेलाची गिरणी होती. धुराड्यातून काळा धूर निघून शिंदखेड्याच्या आभाळात आडवा पसरत होता. सुनंदाबाईंनी तो नीट पाहून घेतला, पण त्यांचं समाधान झालं नाही.

"धूर शे, पन वास कोठे शे? मी मांगे ऊनू तवय स्टँडवर उतरताच सरकीना वास ये. दोरीवरना लुगडासले बी लागे. आज काहीच नही."

प्रमिलाबाईंचा पेढा तोंडाशी नेलेला हात खाली आला.

गिरणीचे शेअर बाजारात आले, तेव्हापासून त्या मोबाइलवरच्या एका चर्चागटात 'फाटकासमोर' या नावानं लिहीत होत्या. धाकट्या भावानं, सुनंदाबाईंच्या नवऱ्यानं पंडितनं, एसटीतून निवृत्त झाल्यावर मिळालेला सगळा पैसा या शेअरमध्ये घातला होता. त्याला धीर यावा म्हणून त्यांनी लिहायला घेतलं. लिहिणं तरी कसलं, दारातून दिसेल ते. आज धुराडं चालू. आज ताडपत्री बांधलेले ट्रॅक्टर आत गेले. आज फाटकाला नवा रंग. गटातले शहाणे कंपनीच्या ताळेबंदावर पानंच्या पानं खरडत, ती कोणी वाचत नसे. बाईंच्या एका ओळीची मात्र लोक वाट बघत. ज्यांनी शिंदखेडा जन्मात पाहिलं नव्हतं ते "अक्का, आज धूर?" म्हणून विचारत, आणि उत्तर 'हो' आलं की भाव थोडा चढायचा. जन्मभर वर्गात घसा फोडूनही बाईंचं कोणी इतकं मुकाट ऐकलं नव्हतं. त्यांना त्याचं फार सुख वाटे आणि त्या ते लपवतही नसत.

मग एक दिवस नीलेश आला. त्यांचाच विद्यार्थी. गिरणीत आता त्याच्याकडे गुंतवणूकदारांशी बोलायचं काम होतं. गटावर लिहिणाऱ्या बाईच आहेत, हे त्यानं वाक्यांवरूनच ओळखलं होतं. असल्याच वाक्यांचं शुद्धलेखन तो सातवीत लिहीत असे.

"बाई, मी तुम्हाला आतलं काही सांगणार नाही," तो म्हणाला होता. "ते बरोबर दिसणार नाही. तुम्हाला दारातून जे दिसतं तेवढंच लिहा."

आपण शिकवलेलं पोर सरळ निघालं म्हणून बाईंना भरून आलं होतं. तेवढ्यात तोच उठून स्वयंपाकघरात धावला. दूध आटून पातेलं जळत होतं आणि बाई इकडे शांतपणे बसल्या होत्या. तेव्हा त्यांना सांगावं लागलं. करोनात वास गेला तो परत आलाच नाही. मुलाला कळलं तर तो पुण्याला घेऊन जाईल, म्हणून त्या कोणाला बोलल्या नव्हत्या. पंडितलासुद्धा नाही. नीलेशनं कोणाला न सांगण्याचं वचन दिलं आणि दुसऱ्याच दिवशी गॅस गळला की ओरडणारं यंत्र आणून भिंतीवर बसवलं. पैसे घेतले नाहीत.

सुनंदाबाई आतून पाण्याचा तांब्या घेऊन आल्या, तरी बाई धुराड्याकडेच बघत होत्या. सरकी गाळली नाही तरी धूर काढता येतो. कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्या पेटवल्या की झालं. वास येत नाही म्हणून शेजारीपाजारी कोणी बोललं असतं, पण शेअरच्या गटावर शेजारीपाजारी नव्हते. तिथे फक्त बाई होत्या, आणि बाईंना नाक नाही हे एकालाच ठाऊक होतं. या वयात इतक्या सहज फसवलं गेल्याचा संताप त्यांच्या अंगभर चढला.

"सुनंदा, पंडितला फोन लाव."

"का वं?"

"आधी लाव. शेअर आहेत ते आत्ताच्या आत्ता विकायला सांग. त्याचे विकून झाले की मग मी गटावर लिहिते."

बोलून झाल्यावर आपण काय बोललो ते त्यांच्या ध्यानात आलं. आपला भाऊ आधी, बाकीचे मागून. त्यांना शरम वाटली, पण शब्द मागे घेतले नाहीत.

सुनंदाबाईंनी फोन काढला नाही. पदराचं टोक बोटाला गुंडाळत त्या ओट्यावर बसल्या.

"त्या तं बठ्ठा इकाई गयात, अक्का. मांगला महिनामाच. धुळाले प्लॉट लिधा. त्यानाच पेढा शे."

"विकले?"

"नीलेशभाऊ घर ऊनता. त्यानी सांगं, आते काढी ल्या."

या महिनाभरात पंडितचा फोन रोज येत होता. रोज तो विचारायचा, अक्का, आज काय लिखं? आणि वाचून दाखवलं की म्हणायचा, झकास.

"मला का नाही सांगितलं त्यानं?"

"तुम्हना भाऊ बोलनात," सुनंदाबाई खाली बघत म्हणाल्या, "अक्काले सांगं तं अक्का खरं लिखी टाकी. मंग आपला शेअर कोन इकत ली?"

बाहेरून एक टेम्पो गेला. सुनंदाबाई चहाचं निमित्त करून आत उठून गेल्या. बाईंनी डाव्या हातानं मोबाइल उघडला. उजव्या हातात पेढा तसाच होता. गटावर सकाळचा प्रश्न पडून होता. 'अक्का, आज धूर?' विचारणारा अभिमन, मूळचा खानदेशातला, आता सुरतला कापड गिरणीत कामाला. बाईंनी एका बोटानं सावकाश लिहिलं.

'धूर आहे. वास नाही. गिरणी बंद असावी. मला वास येत नाही, आणि हे कंपनीतल्या माणसाला माहीत होतं.'

शुद्धलेखन एकदा तपासून त्यांनी ते पाठवून दिलं.

उत्तर लगेच आलं. अभिमनचंच.

'अक्का, मी कालदीनच आखो शेअर इकत लिधात. घरवालीनी सोनानी पोत मोडीसन. तुम्हना धूर वाचीसन.'

बाईंनी ते परत वाचलं. मग हातातला पेढा त्यांनी खोक्यात ठेवला आणि झाकण लावलं.