जुना सात आणि वर थांबलेले विमान

मी एक जुना बर्फ सारणारा ट्रक आहे. अंगाचा पिवळा रंग बराच उडाला आहे. पुढे माणसाच्या छातीइतका उंच पोलादी फाळ आहे आणि दारावर सातचा आकडा आहे. जपानच्या उत्तर टोकाला, सफरचंदांच्या बागांच्या वर, डोंगरावर एक लहानसा विमानतळ आहे. तिथल्या शेडच्या शेवटच्या कोपऱ्यात मी उभा असतो.

मित्रांनो, माझा जन्म समुद्राकाठच्या एका कारखान्यात झाला. रंग वाळत होता तेव्हा मला वाटायचे, आपण मोठमोठ्या शहरांतून फिरणार. प्रत्यक्षात मला जिथे आणले तिथे एकच रस्ता होता. अडीच किलोमीटर लांब, सरळ, आणि कुठेही न जाणारा. या टोकाकडून त्या टोकाला जायचे आणि परत यायचे. त्या रस्त्यावरून सगळे जग निघून जाई, आम्ही मात्र तिथेच राहायचो. पहिल्या हिवाळ्यात मी फार खट्टू झालो होतो.

मला चालवायला फुकुशी तोकुझो आले. ते मूळचे सफरचंदवाले. आमच्या तुकडीत सगळे तसेच आहेत. उन्हाळ्यात फळांना कागदी पिशव्या बांधायच्या, शरदात तोडणी करायची आणि बागा बर्फाखाली गेल्या की विमानतळावर कामाला यायचे. फळाला बोटाचा ठसा उमटू न देणारे ते हात होते. त्याच हातांनी ते माझे स्टिअरिंग धरत.

आमचे काम दिसते तितके सोपे नाही. आम्ही सात ट्रक तिरके चालतो, जिन्याच्या पायऱ्यांसारखे. पहिला आपला बर्फ दुसऱ्याच्या पुढ्यात सारतो, दुसरा तिसऱ्याच्या. सगळ्यांचा मिळून होणारा ढीग शेवटच्याने कडेला फेकायचा. ती शेवटची जागा माझी होती. वादळात समोरच्या ट्रकचा दिवासुद्धा दिसत नाही. तेव्हा फुकुशी खिडकी बोटभर उघडत आणि फाळाचा आवाज ऐकत. आवाजावरून त्यांना कळे की खाली डांबर लागले की अजून बर्फाचा थर आहे, आणि माझा एखादा बोल्ट सैल झाला आहे का. धावपट्टीवर पडलेला एक बोल्ट विमानाच्या इंजिनात गेला तर काय होईल, हे सांगायला नको. पाळी संपली की ते हातोडीने माझा एकेक बोल्ट ठोकून बघत. "काय म्हाताऱ्या, दात शाबूत आहेत ना?" असे विचारत. तेव्हा मी तीन वर्षांचा होतो.

एकदा त्यांनी आपल्या मुलीला, कानाएला, शेड दाखवायला आणले. ती नऊ वर्षांची होती. माझ्या स्टिअरिंगमागे बसून तिने विचारले, "बाबा, हा रस्ता कुठे जातो?"

"तुला जायचं असेल तिथे," ते म्हणाले.

आणि खरोखर ती त्याच रस्त्याने गेली. शिकायला ओसाकाला गेली, तिथेच नोकरीला लागली, तिथेच लग्न झाले. ती पहिल्यांदा निघाली त्या सकाळी आमचीच पाळी होती. फुकुशींनी स्वतःच्या हाताने धावपट्टी साफ करून दिली, कडेला उभे राहून विमान जाताना पाहिले आणि मग डबा उघडला. त्या दिवशी त्यांनी लोणच्याचा मुळा तसाच ठेवला, एवढेच मला वेगळे दिसले.

पुढे नवे ट्रक आले. मोठे, गरम आसनांचे. नव्या शेवटच्या ट्रकलाही सातच नंबर मिळाला आणि मला सगळे 'जुना सात' म्हणू लागले. वर्तमानपत्रात तुकडीचे फोटो आले, त्यांत मी नव्हतो. मला राखीव म्हणून कोपऱ्यात लावले. पाठोपाठ फुकुशीही निवृत्त झाले, तरी दर पंधरा दिवसांनी यायचे. माझे इंजिन सुरू करायचे, सांध्यांत ग्रीस भरायचे आणि माझ्या पायरीवर चहा घेत बसायचे.

"राखीव म्हणजे काय रे?" ते म्हणायचे. "तब्येत ठणठणीत, पण बोलावणं येत नाही."

त्या वर्षी कानाए तोडणीला येणार होती, पण तिच्या मुलाची परीक्षा निघाली. मग नव्या वर्षाला येणार होती, तेव्हा विमाने रद्द झाली. "वसंतात येते म्हणालीय," त्यांनी मला सांगितले. सांगताना त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती.

जानेवारीच्या मध्याला फुकुशी आजारी पडले आणि आठ दिवसांत गेले. मंगळवार होता तो. मला ते तुकडीच्या प्रमुखांकडून, मिकामींकडून, कळले. मिकामींनी चाळीस हिवाळे इंजिनांच्या आवाजात काढले आहेत. त्यांना ऐकू कमी येते, म्हणून ते फोन नेहमी स्पीकरवर ठेवतात. त्यामुळे त्यांचे खासगी असे काहीच उरलेले नाही. बुधवारी दुपारी कानाएचा फोन आला, तोही सगळ्या शेडने ऐकला.

"काका, अंत्यविधी शनिवारी ना? मी शुक्रवारी सकाळी पोचते. तिकीट काढलंय."

मिकामींनी फोन तोंडाजवळ घेतला. मग म्हणाले, "पोरी, दहन उद्या आहे. दुपारी एकला."

"उद्या? विधीच्या आधीच?"

"आपल्याकडे आधी दहन, मग अस्थी ठेवून विधी. विसरलीस होय?"

"ओसाकात विधी आधी असतो. सासऱ्यांच्या वेळी तसंच झालं. मी तेच धरून चालले." तिचा आवाज एकदम लहान झाला. "आत्या नुसतं शनिवार म्हणाली."

"सेत्सुताईला वाटलं असेल, घरच्या मुलीला काय वेगळं सांगायचं."

"पुढे ढकलता येणार नाही?"

"शुक्रवारी दहनगृह बंद. त्या तिथीला दहन केलं तर गेलेला माणूस मागच्यांना ओढून नेतो म्हणतात, ते तुला माहीतच आहे. शनिवारी एकही वेळ मोकळी नाही. मी विचारून आलो."

"मला त्यांचा चेहरा बघायचाय, काका."

तिने लगेच तिकीट बदलून गुरुवारी सकाळचे घेतले.

गुरुवारी पहाटेपासून वादळ सुरू झाले. रेल्वे आदल्या रात्रीच थांबली होती. आठ वाजता ओसाकाच्या विमानतळावरून कानाएचा पुन्हा फोन आला.

"काका, विमान अटीवर सोडतायत. उतरता आलं नाही तर ते परत ओसाकालाच येणार. कितीतरी लोक तिकिटं परत करतायत. मी काय करू?"

"तू चढ," मिकामी म्हणाले. "खालचं आम्ही बघतो."

फोन ठेवल्यावर कासाई नावाचा चालक हसला. तो पन्नाशीचा आहे आणि तोंडाचा फटकळ. "मोठं वचन दिलंत, दादा. आभाळाला विचारलंत का?"

"आभाळ ऐकत नाही," मिकामी म्हणाले, "म्हणून तुला सांगतोय. ऊठ."

ते विमान तासभर उशिरा निघाले. इकडे बर्फ हटवून वळावे तोवर मागे पुन्हा पांढरे होत होते. पावणेअकराला चार नंबरच्या ट्रकची तेलाची नळी फुटली आणि फाळ खाली बसला तो उठेना. नेमके तेव्हाच टॉवरचा आवाज वायरलेसवर आला.

"ओसाकाचं विमान वर आलंय. घिरट्या घालतंय. पन्नास मिनिटं थांबू शकेल, नंतर परत फिरणार."

मित्रांनो, सात ट्रक असले तर जाऊन-येऊन चाळीस मिनिटांत धावपट्टी मोकळी होते. सहा असले तर एक फेरी जास्त लागते आणि तास जातो. हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होते. मग कासाई माझ्याकडे वळला.

"जुना सात काढतो."

"त्याला?" कोणीतरी म्हणाले. "तो सुरू व्हायला नवस बोलावा लागेल."

"नवस नको. फुकुशी आजारी पडेपर्यंत येत होता ना? बघू, काय करून ठेवलंय ते."

किल्ली फिरली. पहिल्यांदा मी नुसता खोकलो. दुसऱ्या वेळी मात्र माझे इंजिन लागले. खरे सांगतो, माझा माझ्यावरच विश्वास बसेना. ग्रीस ताजे होते. फाळ एका झटक्यात उचलला गेला.

"जागा त्याची तीच," मिकामी वायरलेसवर म्हणाले. "शेवटची."

आम्ही निघालो. समोर पांढऱ्याशिवाय काही नव्हते. सहा जणांचा बर्फ माझ्या फाळावर येऊन आदळत होता आणि मी तो कडेला फेकत होतो. कासाई मला शिव्या घालत होता, त्यावरून माझे बरे चालले आहे हे मला कळत होते. वर ढगात कुठेतरी विमानाचा आवाज येई आणि जाई. त्यात खिडकीशी कोण बसले आहे ते मला ठाऊक होते. तिला मात्र खाली मी आहे हे ठाऊक नव्हते.

परतीच्या अर्ध्या वाटेवर माझ्या फाळातून बारीक खडखड येऊ लागली. कासाईने खिडकी उघडली आणि ऐकले.

"दादा, आवाज बदललाय. बोल्ट असावा."

"पडला?"

"अजून नाही. पण पडेल."

मिकामींनी क्षणभर विचार केला. बोल्ट धावपट्टीवर पडला असता तर सगळ्यांना पायी शोधावा लागला असता आणि विमान परत गेले असते. "सगळे थांबा," ते म्हणाले. माझ्या आयुष्यात ती ओळ पहिल्यांदाच धावपट्टीच्या मध्यावर थांबली. कासाई पाना घेऊन खाली उतरला. बोल्ट दोन आट्यांवर लोंबत होता. हातमोज्यात पकड येईना, म्हणून त्याने मोजा दातांनी ओढून काढला आणि उघड्या बोटांनी बोल्ट बसवून आवळला. दोन मिनिटे गेली.

"बसला. चला," तो म्हणाला. त्याच्या बोटांची कातडी पोलादाला चिकटून निघाली होती, हे त्याने नंतरही कोणाला सांगितले नाही. मी पाहिले, म्हणून सांगतो.

आम्ही बाजूला झालो तेव्हा त्रेचाळीस मिनिटे झाली होती. मग घसरण मोजणारी गाडी एकटीच धावत गेली. ती परत येईपर्यंत कोणी वायरलेसला हात लावला नाही.

"घसरण चालण्याजोगी," टॉवर म्हणाला. "विमान उतरतंय."

आधी दिवे दिसले, मग चाके. बर्फाचा मोठा फवारा उडाला आणि त्यातून विमान सावकाश बाहेर आले, जसे काही रोजच्यासारखेच आले आहे. कासाईने कपाळ माझ्या स्टिअरिंगवर टेकवले. "आलं बाबा," तो म्हणाला. "आलं एकदाचं."

मिकामी आपली छोटी गाडी दाराशी लावून उभेच होते. ते कानाएला घेऊन गेले. पुढचे मी पाहिलेले नाही. ते संध्याकाळी परतले तेव्हा शेडमध्ये शेगडीभोवती बसून त्यांनी सांगितले.

शववाहिनी घरून सव्वाबाराला निघायची होती आणि हे दोघे साडेबाराला पोचले. पण सेत्सु आत्या गाडीच्या पायरीवर बसून होती. नेणाऱ्या माणसाने घड्याळ दाखवले. "आजी, वेळ झाली, आता उठा."

"वेळ तुमची झाली असेल," ती म्हणाली. "माझा गुडघा धरलाय. तो कुठे घड्याळ बघतो?"

तो माणूस काय समजायचे ते समजला आणि चाके तपासायला गेला. कानाए आली तेव्हा गुडघा आपोआप सुटला.

शवपेटीच्या झाकणातली, चेहऱ्यावरची लहान खिडकी उघडली. कानाए बराच वेळ नुसती बघत राहिली. मग तिने विचारले, "दाढी कोणी केली?"

"मी," आत्या म्हणाली.

"हनुवटीखाली राहिलीय थोडी."

"जिवंतपणी तरी कधी नीट करत होता?"

दोघी हसल्या, आणि मग रडल्या. पाच मिनिटे मिळाली. मिकामी म्हणाले, पुरली.

कासाईने पट्टी बांधलेल्या हाताने दुपारचे भाताचे गोळे बाहेर काढले. सगळ्यांचे डबे तसेच राहिले होते. गोळे पार थंड झाले होते, पण सगळ्यांनी चवीने खाल्ले. मीही फार दिवसांनी गरम होतो. माझ्या टपावरचा बर्फ वितळून थेंब थेंब खाली पडत होता आणि मला बरे वाटत होते.

मित्रांनो, तुम्ही कधी विमानतळावर अडकलात आणि फळ्यावर 'उशीर' असे दिसले, तर तिकीट खिडकीशी बसलेल्या ताईवर किंवा दादावर रागावू नका. बाहेर कोणीतरी खिडकी बोटभर उघडून आवाज ऐकत असेल. कोपऱ्यात पडलेल्या जुन्या यंत्राचीही अधूनमधून चौकशी करा. त्याला तेल लागते, आणि ते कोणी देते म्हणूनच ते वेळेला उठते.

आणि एक माझे ऐका. आम्ही धावपट्टी मोकळी करू शकतो, तीही नेहमीच नाही. त्या दिवशी पाच मिनिटे आम्हाला मिळवून देता आली, याचे मला आजही समाधान आहे. पण ज्यांना भेटायचे आहे त्यांच्याकडे, आभाळ स्वच्छ असताना, काही कारण नसताना, जाऊन या. त्यांनाही तुम्हाला बघू द्या. तेव्हा दोघांनाही एकमेकांचा चेहरा बघता येतो.